रात्रभर ९८

जानेवारीतला रविवार, सकाळचे सव्वासात. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातलं आमचं तालुक्याचं गाव, धुकं अजून उतरलेलं नव्हतं. खाजगी ॲम्ब्युलन्समधून आजींना उतरवलं तेव्हा तोंडावर मास्क होता, सिलिंडरचा काटा बऱ्यापैकी पुढे होता आणि मुलाच्या हातात ऑक्सिमीटर. त्याचं पहिलंच वाक्य मी केस पेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "डॉक्टर, रात्रभर अठ्ठ्याण्णव होतं. एकदाही खाली आलं नाही. मग आई उठत का नाही?"

हे प्रकरण लिहायचं कारण तो प्रश्नच आहे. (घरच्यांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आजींचं वय ६६. चिमटा काढला की डोळे उघडायच्या, काहीतरी पुटपुटायच्या, परत मिटायच्या. हात गरम, थोडे घामेजलेले. नाडी ११२, बोटाखाली उड्या मारणारी. रक्तदाब १५०/९०. साखर लगेच बोटावर पाहिली, १३२. म्हणजे साखर उतरल्याची गुंगी नव्हती. चारही हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं. माझ्या ऑक्सिमीटरवरही ९८. मुलाचं मशीन खोटं बोलत नव्हतं.

खटकला तो श्वास. मिनिटाला १४. दुसऱ्या कुणाचा असता तर उत्तम म्हटलं असतं. पण ह्या आजी माझ्या जुन्या पेशंट. बऱ्या असतानाही मिनिटाला २२ श्वास घेतात, ओठ चंबूसारखे करून हळूहळू सोडतात. दम्याने गांजलेल्या माणसाचा श्वास असा अचानक शांत झाला, की नवख्या डॉक्टरला बरं वाटतं आणि जुन्याच्या पोटात गोळा येतो.

मास्क काढायच्या आधी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. एबीजीचं, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजायचं, मशीन आमच्याकडे नाही. सिरिंज बर्फात ठेवायची आणि आमचा वॉर्डबॉय मोटारसायकलवर ती पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात नेतो. वीस मिनिटांत फोनवर आकडे आले. पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइडचा दाब ८२, ऑक्सिजनचा ११८. कार्बन डायऑक्साइड निरोगी माणसात ३५ ते ४५ असतो. आजींच्या रक्तात जवळजवळ दुप्पट साठला होता आणि रक्त आम्लाकडे झुकलं होतं. गुंगी त्याची होती. ऑक्सिजन मात्र हवा त्याहून जास्तच होता.

आता आदली रात्र.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, शनिवार-रविवार घरी येतो. आजींना चार दिवस सर्दी, कफ पिवळा झालेला, दम नेहमीपेक्षा जास्त. रात्री साडेदहाला त्याने ओटीवरच त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ८२. त्याने घाबरून मोबाईलवर व्हिडिओ काढला, मला पाठवायला. रेंज नव्हती म्हणून तो गेलाच नाही. मग महिन्यापूर्वी भाड्याने आणून ठेवलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुरू केलं. दुकानदाराने सांगितलं होतं, "हे पाच लिटरचं मशीन आहे." त्याने नॉब पाचवर, म्हणजे मिनिटाला पाच लिटरवर, नेला. पाच लिटरचं मशीन म्हणजे पाचवरच ठेवायचं, असं त्याला वाटलं, आणि ह्यात मला त्याची काही चूक दिसत नाही. आपण पाच लिटरचा कुकर घेतो तो भरूनच लावतो का, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अर्ध्या तासात ९६, मग ९८. घर निवांत झालं. मुलगा दर तासाला उठून बघत होता. दोन वाजता आजींनी डोकं दुखतंय म्हटलं. चारला काहीतरी असंबद्ध बोलल्या, झोपेत असतील असं वाटलं. साडेपाचला सून चहा घेऊन गेली. "हलवलं तरी उठंनात, नुसतं हं हं करत होत्या," ती म्हणाली. मग ॲम्ब्युलन्स, आणि वाटेत नळीच्या जागी मास्क.

तो व्हिडिओ मी नंतर पाहिला, तीन-चार वेळा. ८२ च्या खाली नाडीचा आकडा दिसतो: ६१. आणि मागे आजींचा आवाज येतो, "अरे थंडी वाजतीय, आत चल की." आजारी, धाप लागलेल्या, सहसा शंभरच्या आसपास नाडी असणाऱ्या बाईची नाडी ६१ कशी? मशीनला नाडी नीट सापडतच नव्हती.

ह्या यंत्राची गोष्ट थोडी सांगायला हवी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी नावाचे अभियंते हृदयातून किती रक्त बाहेर पडतं हे प्रकाशाने मोजायच्या खटपटीत होते. प्रत्येक ठोक्याला धमनी फुगायची आणि मोजमापात लहर उठायची, नको असलेली. ती लहर घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त, म्हणजे ऑक्सिजन मोजायचा तर हीच लहर हवी. आजचं बोटाचं मशीनही तेच करतं. एक लाल दिवा, साधारण ६६० नॅनोमीटरचा, आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त, ९४० चा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं जास्त. दोन्हींच्या हलत्या भागाचं गुणोत्तर काढून आकडा येतो. हलता भागच सापडला नाही तर मशीन गप्प बसत नाही, काहीतरी दाखवतं. जानेवारीच्या रात्री ओटीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गार बोटात ठोका जेमतेम पोचतो.

म्हणून आमच्या ओपीडीत मी बोट आधी दोन्ही तळव्यांत धरून चोळतो. नेलपेंट असेल तर पुसायला सांगतो. मशीन लावून हात मांडीवर स्थिर ठेवायचा, पूर्ण एक मिनिट थांबायचं. तेवढ्यात दुसऱ्या हाताची नाडी मोजायची. मशीनवरची नाडी तिच्याशी जुळली तरच वरचा आकडा वाचायचा. सगळं जमलं तरी दोन-तीन टक्के इकडेतिकडे धरायचे. सावळ्या त्वचेवर आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त येतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ च्या खाली असलेल्या नोंदी गोऱ्यांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाल्या. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तर त्या रात्री आजींचं खरं सॅच्युरेशन किती असेल? माझा अंदाज ८५-८६. पूर्ण वाक्य बोलत होत्या, थंडीची तक्रार करत होत्या. ऑक्सिजन लागणारच होता, पण एक लिटर, फार तर दोन.

आजी विडी-तंबाखूच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. दम्याचं कारण चूल. लग्न होऊन आल्या तेव्हापासून चाळीस वर्षांच्या वर चुलीसमोर उकिडवं बसून फुंकणीने फुंकलं. लाकूड ओलं असलं की गोवऱ्या. स्वयंपाकघराला एकच झरोका. घरात गॅस २०१७ ला आला, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, "गॅसवरच्या भाकरीला चव नसते" म्हणून. वर्षापूर्वी फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री, केली तेव्हा पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा अपेक्षेच्या ४२ टक्केच होती. आजाराचं नाव सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. गावात ह्याला दमाच म्हणतात. मीही पेशंटशी बोलताना तेच म्हणतो. त्या दिवशी, चांगल्या तब्येतीत, गरम बोटावर, सॅच्युरेशन होतं ८९. फाईलमध्ये आहे. माझ्याच अक्षरात.

मग ८९ ही काळजीची गोष्ट की नाही? दोन्ही.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार सीटांची गाडी. सॅच्युरेशन म्हणजे रक्तातल्या सगळ्या गाड्यांतल्या किती टक्के सीटा भरल्या. गाड्या किती आहेत हे त्यातून कळत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचं सॅच्युरेशन ९९ आलं तरी तिच्या १०० मिलिलिटर रक्तात ऑक्सिजन सव्वानऊ मिलिलिटरच्या आसपास. हिमोग्लोबिन १४ आणि सॅच्युरेशन ९० असेल तर जवळजवळ १७. आणि सीटवर कोण बसलंय तेही मशीनला कळत नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने कार्बन मोनॉक्साइड साचला तर त्या सीटा तो बळकावतो, माणूस कोसळतो आणि ऑक्सिमीटर ९९ दाखवत राहतो.

सीटा भरणं हे फुफ्फुसातल्या ऑक्सिजनच्या दाबावर असतं, पण सरळ प्रमाणात नाही. सह्याद्री डोळ्यासमोर आणा. दाब १०० च्या आसपास असताना सॅच्युरेशन ९७-९८. दाब घसरत ६० पर्यंत आला तरी ९०. हे पठार, इथे चालताना उतार जाणवतही नाही. ६० च्या खाली मात्र कडा लागतो. दाब ४० झाला की ७५. आजी ८९ वर, म्हणजे बरोबर कड्याच्या तोंडाशी राहतात. शरीराने त्याची सवय करून घेतली आहे, पेशींना पुरेसा ऑक्सिजन मिळतोय. पण मागे सरकायला जागा नाही. ८९ चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. चालण्याजोगं आहे.

आणि तिथून ओढून ९८ ला नेलं तर पठारावर फार काही मिळत नाही, आठ-नऊ टक्के सीटा. जातं काय, ते त्या सकाळी दिसलं.

ऑक्सिजनने नुकसान कसं होतं, ह्याचं उत्तर आम्हाला कॉलेजात एका ओळीत शिकवलं होतं: अशा पेशंटचा श्वास ऑक्सिजनच्या कमतरतेवर चालतो, कमतरता घालवली की श्वास थांबतो. त्यात तथ्य आहे, पण थोडंसं. मोठं कारण फुफ्फुसाच्या आत आहे. खराब झालेल्या भागात हवा पोचत नाही, तेव्हा फुफ्फुस तिथल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. जिथे पीक येत नाही तिथे पाणी कशाला सोडायचं, असा हिशेब. बाहेरून भरपूर ऑक्सिजन आला की त्या वाहिन्या सैल पडतात आणि रक्त नापीक वावरात शिरतं. तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला हवेची ये-जाच नसते, रक्त तो घेऊन तसंच परत येतं. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलं की आपल्याकडचा काही कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, तोही रक्तात उतरतो. निरोगी माणूस जोरात श्वास घेऊन हे सगळं बाहेर फेकतो. आजींच्या छातीत तेवढं बळ उरलेलं नाही.

ह्यातलं काहीही ऑक्सिमीटरवर दिसत नाही. आत काय आलं ते तो सांगतो. बाहेर काय गेलं नाही, त्याचा दिवा त्यात नाही.

उपचारात पहिलाच प्रश्न मास्कचा. सोबत आलेले एक नातेवाईक म्हणाले, "ऑक्सिजननेच झालं ना? मग काढून टाका." हे करायचं नसतं. शरीरभर कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो चटकन जात नाही. फुफ्फुसात जागा अडवून बसतो. ऑक्सिजन एकदम तोडला तर सॅच्युरेशन सुरुवातीपेक्षाही खाली, कड्यावरून थेट दरीत जाऊ शकतं. मास्क काढून नाकातली नळी लावली, दोन लिटर, दहा मिनिटांनी एक. आकडा ९८ वरून ९५, ९३, ९१. मुलगा प्रत्येक आकड्याला माझ्याकडे बघत होता. ९१ ला त्याने सिस्टरला हळूच विचारलं, "कमी होतंय, सांगू का डॉक्टरांना?"

मग बायपॅप. नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क, श्वास घेताना दाबाने हवा आत, सोडताना दाब कमी. आधी १२ आणि ५, सोसतंय बघून १६ आणि ५. त्यातून ऑक्सिजन फक्त एक लिटर, लक्ष्य ८८ ते ९२. वाफेचं औषध हवेच्या कॉम्प्रेसरवर दिलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नेब्युलायझर सवयीने ऑक्सिजनच्या पाइपला जोडला जातो आणि मिनिटाला सहा-आठ लिटर मागच्या दाराने परत आत जातात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम पाच दिवस, कफ पिवळा म्हणून अँटिबायोटिक. एक्स-रेत न्यूमोनिया नव्हता.

साडेअकराला दुसरा नमुना: पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ६६. दुपारी आजींनी मास्कच्या आतून सुनेला काहीतरी खुणावलं. हात पुढे करून मनगटं वर करायला सांगितली, तर पंजे अजून पाखराच्या पंखासारखे फडफडत होते (साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची खूण), पण हात त्यांनी सांगितल्यावर पुढे केले होते. संध्याकाळी "चहा मिळंल का?" दुसऱ्या दिवशी सकाळी ७.३८ आणि ५८. सॅच्युरेशन ८९. पाचव्या दिवशी घरी.

८८ ते ९२ हे माझ्या मनाचे आकडे नाहीत. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी ह्या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेने २००८ मध्येच सीओपीडीच्या अशा पेशंटसाठी ते ठरवून दिले. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या ॲम्ब्युलन्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४०५ पेशंटचा. काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, बाकीच्यांना मोजून, ८८ ते ९२ राहील एवढाच. सीओपीडी नक्की असलेल्यांत भरपूरवाल्यांचे ९ टक्के दगावले, मोजूनवाल्यांचे २.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर उलटं व्हायचं. मी असेही डॉक्टर पाहिलेत जे सीओपीडी म्हटलं की ७८ वर तडफडणाऱ्या पेशंटलाही ऑक्सिजन द्यायला कचरतात. ऑक्सिजनच्या अभावाने माणूस मिनिटांत जातो, कार्बन डायऑक्साइडला तास लागतात. द्यायचाच. फक्त ९२ वर थांबायचं.

मुलाला मी चौथ्या दिवशी विचारलं, "९४ च्या वरच हवं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. मे २०२१ चा. एक पत्रक, वर आमच्या दवाखान्याचा शिक्का. "घरी दिवसातून तीन वेळा ऑक्सिजन तपासा. सहा मिनिटे चालून पुन्हा तपासा. ९४ च्या खाली गेल्यास ताबडतोब संपर्क करा." मजकूर मीच लिहिला होता. पाचशे प्रती काढल्या होत्या.

त्या महिन्यात तो बरोबर होता. करोनात माणसं बोलत-चालत असताना ८५ वर सापडत होती, धापही नसायची. ९४ च्या त्या ओळीने काही जीव वाचवले असं मला अजूनही वाटतं. पण ती ओळ निरोगी फुफ्फुसावर अचानक आलेल्या आजारासाठी होती. साथ गेली, आकडा घराघरांत राहिला, फ्रिजवर, कपाटाच्या दारावर. ज्यांचं रोजचंच ८९ आहे त्यांच्यासाठी वेगळं काही लिहावं, हे मला तेव्हाही सुचलं नाही आणि नंतर आजींच्या फाईलमध्ये ८९ लिहितानाही. आजींना तोंडी सांगितलं होतं, "तुमचं एवढंच असतं." मुलाला, सुनेला सांगितलं नव्हतं.

आता अशा पेशंटना एक पिवळं कार्ड देतो. त्यावर मोठ्या अक्षरात त्यांचा बऱ्या दिवसाचा आकडा, त्याखाली ८८ ते ९२, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यासाठी एक ओळ: "ह्यांना भरपूर ऑक्सिजन देऊ नये, मोजून द्यावा." मागच्या बाजूला आकड्याशिवायच्या खुणा, ज्या दिसल्या की मशीन काहीही म्हणो, निघायचं: सकाळी उठल्यावर डोकेदुखी, दिवसा न आवरणारी झोप, असंबद्ध बोलणं, एका श्वासात वाक्य पुरं न होणं, ओठ निळसर.

दोन महिन्यांनी आजी तपासणीला आल्या. कॉन्सन्ट्रेटर ठेवायचं की परत करायचं हे ठरवायचं होतं. घरी रोज पंधरा तासांच्या वर ऑक्सिजन घेऊन आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन अभ्यासांनी दाखवलं, पण ते तब्येत स्थिर असताना धमनीतला दाब ५५ किंवा त्याखाली असलेल्यांत; हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असेल किंवा रक्त घट्ट झालं असेल तर ५९ पर्यंत. आजींचा आला ६१. पायावर सूज नाही. मशीन परत गेलं, महिन्याचं भाडं वाचलं म्हणून आजी खूश.

"आणि समजा घरी कधी ९३ दाखवलं तर?" मुलाने विचारलं.

"नळीशिवाय दाखवलं तर देवाला नारळ फोडा. नळीवर असताना दाखवलं तर नॉब कमी करा."

चूल कोण पेटवतं आता, असं विचारल्यावर आजींनी सुनेकडे बोट केलं. सून दाराशी पदर तोंडाला लावून खोकत होती. वय ३८. बोट चोळलं, मिनिटभर थांबलो. ९८. पाठीला स्टेथोस्कोप लावला, श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू आली. तिलाही फुंकण्याच्या तपासणीची चिठ्ठी दिली.